मंडळीत शंका विचारायला जागा कशी करावी?

डिचोली_संगती (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गोव्यातल्या डिचोली–साखळी भागातली छोटी मराठी प्रोटेस्टंट मंडळी (चर्च) आहे, रविवारी चाळीसच्या आतबाहेर माणसं असतात. तरुणांपैकी बरेच वेर्णा-पणजीकडे नोकरीला. ते उपासनेत गातात, चहाला थांबतात, पण त्यांचे प्रश्न मंडळीकडे न येता मोबाइलवरच्या व्हिडिओंकडे जातात. कोणी विचारलंच तर 'प्रार्थना कर, वचन वाच, विश्वास वाढेल' एवढ्यावर विषय मिटवला जातो.

वडीलमंडळाने (मंडळीचा कारभार बघणाऱ्या 'वडिलांनी') महिन्यातून एकदा प्रश्नांची बैठक घ्यायला होकार दिला आहे. ती नेमकी कशी चालवावी? वेळ किती, माणसं किती, पाळकांनी बसावं का? उत्तर माहीत नसेल तेव्हा काय करायचं? काही वडिलांना भीती आहे की शंकेला खुर्ची दिली तर ती घर करून बसेल. ते याकोबाच्या पत्रातली १:६ ही ओवी दाखवतात (विश्वासाने मागावं, संशय धरू नये), त्यांना काय सांगावं?

आतापर्यंत कानावर आलेले प्रश्न असे: शेजारच्या कॅथलिक घरातल्या बायबलात सात पुस्तकं जास्त का? प्रार्थना करूनही आजार बरा होत नाही तो विश्वास कमी म्हणून का? चवथीला (गणेश चतुर्थीला) हिंदू नातेवाइकांकडे गेल्यावर प्रसादाचं काय करायचं? गोव्यात धर्माच्या नावाने जे झालं त्याचं काय? आणि दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या अर्पणाचा, हिशेब कोण बघतं?

मांडवीकाठ

ताई, आधी वार ठरवा. रविवारी उपासनेनंतर बैठक ठेवू नका. लोक दोन-अडीच तास बसलेले असतात, पोरं भुकेने किरकिरतात, आणि संदेश देणारा समोरच असतो, त्यामुळे प्रश्न विचारणं त्याला उलट बोलल्यासारखं वाटतं. शनिवारी साडेचार ते सहा ही वेळ बरी. डिचोलीहून आतल्या गावांना जाणारी शेवटची बस चुकेल या धास्तीत बसलेला माणूस तोंड उघडत नाही, म्हणून सहा म्हणजे सहाच, पावसाळ्यात तर नक्कीच.

आठ ते बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की तीच तिघं बोलतात, मग दोन खोल्यांत दोन गट करा. खुर्च्या गोलात मांडा. माइक नको. माइक हातात आला की माणूस साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला लागतो, आणि साक्षीपुढे शंका गप्प होते.

चिठ्ठ्यांचा डबा चर्चच्या दाराशी ठेवण्याची चूक बहुतेक ठिकाणी होते. कोण टाकतो ते सगळे बघतात. त्यापेक्षा बैठकीतच प्रत्येकाला सारखा कागद आणि सारखं पेन द्या आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच असं ठरवा. प्रश्न नसेल त्याने आवडतं वचन लिहावं. सगळेच लिहीत असले की प्रश्न लिहिणारा वेगळा दिसत नाही. छोट्या मंडळीत हस्ताक्षरही ओळखू येतं, म्हणून चिठ्ठ्या फक्त बैठक चालवणाऱ्याने वाचाव्यात आणि तिथेच फाडाव्यात.

नव्वद मिनिटांची वाटणी अशी: पहिली पंधरा मिनिटं मागच्या महिन्याच्या उरलेल्या प्रश्नांना, दहा मिनिटं चिठ्ठ्या लिहायला, मग दोनच चिठ्ठ्या, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. शेवटची पंधरा मिनिटं एक स्तोत्र वाचून शांत बसायचं. चिठ्ठी उघडल्यावर पहिली दहा मिनिटं कोणी उत्तर देऊ नये. त्या वेळात एवढंच बोलायचं, की हा प्रश्न कोणाला पडत असेल आणि पडल्यावर त्याचं काय काय हलत असेल. 'देव प्रार्थना ऐकतो का' असं लिहिणाऱ्याला कधी तत्त्वज्ञान विचारायचं असतं, तर कधी त्याच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं. पहिल्याला मुद्देसूद उत्तर हवं असतं. दुसऱ्याला तेच उत्तर दिलं तर तो पुन्हा येत नाही.

एक शंभरपानी वही ठेवा. जे उत्तर माहीत नाही ते सरळ 'माहीत नाही' म्हणून वहीत लिहा: प्रश्न, तारीख, शोधून आणणाऱ्याचं नाव. विचारणाऱ्याचं नाव कधीच नाही. अशा बैठका कोसळतात त्या इथेच. 'बघून सांगतो' म्हणतात, तिसऱ्या महिन्यापर्यंत कोणी बघत नाही, आणि तरुणांना कळतं की हीसुद्धा गप्प करण्याचीच एक पद्धत आहे.

पाळकांनी पहिले तीन महिने बसू नये, पण त्यांना अंधारातही ठेवू नका. वही त्यांना दर महिन्याला दाखवा. चौथ्या महिन्यापासून त्यांनी गोलातल्याच एका खुर्चीत बसावं आणि सगळ्यांत शेवटी बोलावं.

नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचा. इथलं नाव बाहेर जाणार नाही, प्रार्थनेच्या रूपातही नाही. 'अमक्याच्या विश्वासासाठी प्रार्थना करा' असा निरोप व्हॉट्सअॅप गटावर गेला की ती बैठक संपली म्हणून समजा. अपवाद दोनच, कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल. तिथे गुप्तता पाळायची नाही. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक त्याच नियमांखाली लिहून ठेवा. आणि कोणी रडायला लागलं म्हणून न विचारता डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करू नका. त्या माणसाचं वाक्य अजून पूर्ण झालेलं नसतं.

बिरुयाकर

वडिलांच्या भीतीबद्दल. त्यांचा आक्षेप हलका समजू नका, त्यांनी मंडळ्या फुटताना पाहिलेल्या असतात. पण याकोब १:६ त्यांच्यासोबत १:५ पासून १:८ पर्यंत वाचा. तिथे ज्ञान मागायला सांगितलं आहे, आणि देव दोष न लावता देतो असं म्हटलं आहे. म्हणजे 'मला कळत नाही' असं म्हणणाऱ्याला तिथे आमंत्रण आहे. ज्याला ताकीद आहे तो आठव्या ओवीतला द्विबुद्धीचा माणूस, एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवणारा. मूळ ग्रीकमध्ये सहाव्या ओवीत संशय धरण्यासाठी जे क्रियापद आहे तेच यहूदाच्या पत्रात २२व्या ओवीत आहे, आणि तिथे अशांवर दया करा असं सांगितलं आहे. दोन्ही ओव्या एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून वडिलांना द्या, वाद निम्मा मिटेल.

मग मत्तय २८. सुवार्तेचा आदेश म्हणून १९वी ओवी प्रत्येकाला पाठ असते, पण १७वी कोणी वाचत नाही. शिष्यांनी येशूला नमन केलं, तरी कित्येकांना संशय वाटला. तो आदेश संशय असलेल्यांसह सगळ्या अकरांना दिला आहे. आधी शंका मिटवून या, असं कोणाला सांगितलेलं नाही. बाप्तिस्मा देणारा योहान तुरुंगातून निरोप पाठवून विचारतो की येणारा तो तूच का. त्याच्यावर रागावणं सोडाच, येशू लोकांसमोर त्याची थोरवी सांगतो (मत्तय ११). ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात देव प्रश्न विचारणाऱ्या ईयोबाला नाही, त्याच्या मित्रांना दोष देतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे तेच होते.

पवित्र शास्त्राबद्दलचे प्रश्न मात्र मंडळीने स्वतः आधी काढावेत. मार्क १६:९–२० या ओव्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत जुन्या, जवळजवळ संपूर्ण हस्तलिखितांत नाहीत. योहान ७:५३–८:११ सुद्धा तिथे नाही. बायबल शिकवणाऱ्या कॉलेजांत हे सांगतात, मग मंडळीत का नाही? तरुणाने हे पहिल्यांदा कुठल्यातरी व्हिडिओत 'तुमच्यापासून लपवलेलं सत्य' म्हणून ऐकलं, तर बारा ओव्यांपेक्षा मोठं काहीतरी तुटतं. त्याला वाटतं, आपल्याला शिकवणारे खोटं बोलले. तळटीपांसह वाचायला शिकवा. एका बैठकीत एवढं एकच घ्या.

फोंडा_वाचनकट्टा

तुमच्या प्रश्नांपैकी तीन घेतो.

सात पुस्तकं: तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन. त्यामुळे कॅथलिक बायबल ७३ पुस्तकांचं आणि आपलं ६६. एस्तेर आणि दानिएल यांतही काही भाग जास्त आहेत. 'कॅथलिकांनी मागाहून घुसवली' हे आपल्याकडे दिलं जाणारं उत्तर चुकीचं आहे. ही पुस्तकं ग्रीक जुन्या करारासोबत पहिल्या शतकांपासून वाचली जात होती. वाद तेव्हापासूनच होता, कारण ती हिब्रू संग्रहात नव्हती, आणि बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनेही त्यांना वेगळं मानलं. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४६ साली ती शास्त्र म्हणून ठामपणे जाहीर केली. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने १५३४च्या जर्मन बायबलात ती फेकली नाहीत, दोन करारांच्या मध्ये, वाचायला चांगली म्हणून ठेवली. एवढं सांगितलं तर शेजाऱ्याशी भांडणही होत नाही आणि आपल्या मुलाला अर्धवट उत्तरही मिळत नाही. दहा आज्ञांचा क्रम वेगळा का, हा प्रश्न याच्या पाठोपाठ येतोच. मूर्तीविषयीची आज्ञा कॅथलिक पहिलीत धरतात आणि शेवटची लोभाची दोन करतात. मजकूर तोच.

चवथ: १ करिंथ १०:२५–२९ पूर्ण वाचा. बाजारातलं खाताना चौकशी करू नका, जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची मांडणी) बांधायला हात लावायचा का, आरतीला उभं राहायचं का, पानावरच्या जेवणाचं काय, असे बारीक प्रश्न वेगवेगळे घ्या. सगळ्यांना एकच 'नाही' लावलं की सून सासरघरातून तुटते, आणि सगळ्यांना एकच 'हो' लावलं की तिचं मन तिला खातं. आणि नकार द्यायचा तो आदल्या दिवशी, घरातल्या मोठ्या माणसाला, एकट्यात आणि नम्रपणे सांगावा. ऐनवेळी ताट सरकवलं तर ती शास्त्राची गोष्ट राहत नाही, अपमान होतो.

इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं धर्माचं न्यायासन: 'ते कॅथलिक होते, आम्ही नव्हतो' हे उत्तर देऊ नका. हिंदू नातेवाइकाला त्यातून एवढंच कळतं की तुम्हाला जबाबदारी टाळायची आहे. तारखा नीट सांगा. न्यायासन १५६०मध्ये सुरू झालं, १७७४मध्ये बंद केलं, १७७८मध्ये पुन्हा आलं आणि १८१२मध्ये कायमचं संपलं. देवळं मोडण्याची सुरुवात त्याच्याही आधीची. मंगेशी कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून फोंड्याकडे नेली, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हता. हिंदूंवरही खटले चालले, पण त्या न्यायासनाचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. घरात जुनी चाल पाळतो का, मनाने परत गेला का, यावर. मंडळीने माणसाच्या मनातल्या शंकेवर पहारा बसवला की काय होतं, ते आपल्याच भूमीत लिहून ठेवलेलं आहे. म्हणून हा विषय तुमच्या बैठकीच्या बाहेरचा नाही. आधी 'हे झालं आणि ते पाप होतं' एवढं बोला. मग थांबा. लगेच 'पण' जोडू नका.

डिचोली_संगती

फार उपयोगी. शेवटी स्तोत्र वाचायचं म्हणता, कोणतं? आमच्याकडे सवय अशी की शेवट विजयाच्या गाण्यानेच होतो. आणि हिशेबाच्या प्रश्नावर कोणी लिहील का? तो वडिलांना सर्वांत जास्त टोचतो.

मांडवीकाठ

पहिल्या महिन्यात स्तोत्र १३. सहाच ओव्या आहेत आणि तिन्ही टप्पे त्यात आहेत: किती वेळ, ऐक, भरवसा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ८८. ते अंधारातच संपतं. त्यानंतर गाणं लावू नका, दोन मिनिटं तसंच राहू द्या.

रविवारच्या गाण्यांकडेही बघा. सहा गाणी होत असतील तर एक तरी विलापाचं असावं. इंग्रजी-हिंदीतून आलेली नवी गाणी जवळजवळ सगळी जिंकण्याची असतात, आणि ज्याचा आठवडा हरण्यात गेला त्याला त्यांत शब्द सापडत नाहीत. मराठीत देवाशी भांडण्याची मोठी परंपरा आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठोबाला खडसावून विचारतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी तीच अभंगाची वाट ख्रिस्तभक्तीत आणली. ही भाषा आपल्या हातात असताना ती मंडळीत वापरायची नाही, याचं वाईट वाटतं.

खतावणी

हिशेबाबद्दल लिहितो. 'देव आहे का' असं विचारणाऱ्या तरुणाचा खरा प्रश्न बऱ्याचदा 'पैसे कुठे गेले' हा असतो. तो विचारायला वाव नसतो म्हणून तो वर सरकतो. त्यामुळे हे काम आध्यात्मिकच आहे. पौलाने स्वतः देणगी नेताना सोबत दुसरी विश्वासू माणसं घेतली, कोणी दोष देऊ नये म्हणून (२ करिंथ ८:१८–२१).

अर्पण त्याच दिवशी, त्याच जागी मोजायचं. मोजणारे दोघे, एकमेकांचे नातेवाईक नसलेले, पाळकांच्या घरचे नसलेले, आणि दर महिन्याला बदलणारे. वहीत नोटा-नाणी वेगवेगळी लिहून दोघांच्या सह्या. रोख सोमवारी बँकेत, खर्च त्यातून परस्पर करायचा नाही. घोटाळा नेहमी इथूनच सुरू होतो: रविवारच्या पेटीतून चहाचे, मग रिक्षाचे, मग विजेच्या बिलाचे पैसे. कोणी चोरी केलेली नसते, पण आकडा कधीच जुळत नाही. खात्यावर किमान दोन सह्या. भिंतीवरचा यूपीआयचा क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा असावा, कोणाच्या वैयक्तिक नंबरचा कधीही नाही. आज सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, कारण वैयक्तिक खात्यात मिसळलेले पैसे नंतर प्रामाणिक माणसालाही वेगळे दाखवता येत नाहीत.

तीन महिन्यांनी एक पान वाचून दाखवा: जमा, भाडं, पाळकांचं मानधन, गरजूंना मदत, शिल्लक. मदत घेणाऱ्यांची नावं नकोत, बेरीज हवी. वर्षाला बाहेरच्या चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासणी. परदेशातून पैसे येत असतील तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. पाहुण्याने रोख हातात दिले तरी ती परदेशी देणगीच धरली जाऊ शकते.

आणि 'परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नका' हे वचन हिशेब विचारणाऱ्यावर टाकू नये. स्तोत्र १०५:१५ अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या राज्यांत भटकत होते त्याबद्दल आहे. वडिलांवरच्या तक्रारीचा मार्ग १ तीमथ्य ५:१९–२० मध्ये आहे: दोन-तीन साक्षीदार हवेत, आणि पाप सिद्ध झालं तर सर्वांसमोर बोलणं. त्यात आरोप करणाऱ्यालाही शिस्त आहे आणि वडिलांनाही.

बांबोळी_वॉर्ड

आजारपणाच्या चिठ्ठीवर. 'विश्वास कमी पडला' हे वाक्य तुमच्या मंडळीत बंद करा, अगदी नियम म्हणून. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारीच ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला 'काटा' (त्रास) तीनदा मागूनही गेला नाही. पौलाचाच विश्वास कमी होता, असं कोणी म्हणणार आहे का?

औषधाचं स्पष्ट बोला. साखरेची, रक्तदाबाची, फिट्सची, मनाच्या आजाराची गोळी किंवा इन्शुलिन कोणीही प्रार्थनेनंतर बंद करायचं नाही. क्षयाचा साधा कोर्सही सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरं वाटतं, तेव्हाच साक्ष दिली जाते आणि गोळ्या सुटतात, मग औषधाला न जुमानणारा क्षय होण्याचा धोका उभा राहतो. मंडळीत बरं झाल्याची साक्ष द्यायची असेल तर डॉक्टरांचा कागद बघून, आणि औषध चालू आहे हे सांगूनच.

काही शंका शंका नसतात. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, जेवण सुटलेलं, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन नाही, 'मी क्षमा होण्यासारखा नाही' हे पुन्हा पुन्हा, असं दिसलं तर वचनांची यादी देऊ नका. त्या माणसाला प्रत्येक वचन स्वतःविरुद्धच ऐकू येतं. बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत सोबत जा, निव्वळ पत्ता देऊन पाठवू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो. मरणाचं बोलणं निघालं तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

वास्को_उपासक

एक चिठ्ठी अजून आली नसेल, पण येईल: 'मी मेल्यावर मला कुठे पुरणार?' गोव्यात बहुतेक ख्रिस्ती दफनभूमी कॅथलिक पॅरिशच्या आहेत, आणि घरचे हिंदू असले तर स्मशानाचा प्रश्न वेगळाच. वयस्कर विश्वासूंच्या मनात हे रात्रंदिवस असतं आणि ते विश्वास ढळल्यासारखं बाहेर पडतं. नगरपालिका किंवा पंचायतीकडे कोणती जागा उपलब्ध आहे, परवानगी कोण देतं, लेखी काय लागतं, हे आत्ताच विचारून वहीत उतरवा. कोणी आजारी पडल्यावर ते सुचत नाही. ज्याला जे हवं ते त्याने घरच्यांसमोर सांगून, सही करून ठेवावं. लग्नाचंही तसंच. आपल्या उपासनेतला विधी पुरत नाही, नागरी निबंधकाकडची नोंद आधी करावी लागते. ठरलेल्या जोडप्याला हे तारीख काढायच्या आधी सांगा.

डिचोली_संगती

पहिली बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. याकोब आणि यहूदाचा कागद आज वडिलांकडे देते. क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे तेही उद्याच बघते.

खतावणी

ताई, बदलायचा असेल तर जुना कोड भिंतीवरून काढून टाका, नुसता त्यावर नवा चिकटवू नका. आणि जुन्या खात्यात शेवटच्या तारखेपर्यंत किती आलं, ते पुढच्या तीन महिन्यांच्या पानावर वेगळ्या ओळीत लिहा.